एक्झामिनेशनचे तुकडे किती? सिलॅबल आणि स्ट्रेस कसा शोधायचा, बुधवारी पेपर आहे

रानजाई

नमस्कार मंडळी, एस.वाय.बी.ए.ला आहे, इंग्लिश स्पेशल घेतलंय. बुधवारी फोनेटिक्सचा, म्हणजे उच्चारशास्त्राचा पेपर आहे आणि त्यात एक प्रश्न हमखास येतो, पाच-सहा लांबलचक शब्द देतात आणि सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, पाडून मेन स्ट्रेस, म्हणजे मुख्य जोर, दाखवा म्हणतात. माझं बारावीपर्यंत सगळं मराठी मीडियम, त्यामुळे मी काय करते तर शब्द आधी मनात देवनागरीत लिहिते आणि अक्षरं मोजते. एक्झामिनेशन म्हणजे ए-क्झा-मि-ने-श-न, सहा. सरांनी त्यावर फुली मारली आणि पाच लिहिले, का ते नाही सांगितलं. रेफ्रिजरेटर, ऑपॉर्च्युनिटी, रिस्पॉन्सिबिलिटी, कॅरेक्टरिस्टिक सगळ्यांत कुठे ना कुठे चुकलंय. आणि स्ट्रेस तर मी चक्क अंदाजपंचे देते, कारण मला स्वतःला बोलताना कुठलंच अक्षर जोरात ऐकू येत नाही, सगळी सारखीच वाटतात. मैत्रीण म्हणते पाठ करायचे, पण किती शब्द पाठ करणार? काही युक्ती आहे का की नुसती घोकंपट्टीच?

हिंजवडीकर

तुझी चूक पहिल्याच पायरीवर आहे आणि ती आपण सगळेच करतो. देवनागरीतलं अक्षर आणि सिलॅबल एक नाही. साधा आपला शब्द घे, घर. लिहायला अक्षरं दोन, पण तोंडातून एकाच झटक्यात येतो, घ-र असं कोणी म्हणत नाही. म्हणजे एक सिलॅबल. तसंच शेवटचं 'शन', श आणि न वेगळे नाहीत, एकच तुकडा. म्हणून पाच.

मोजायचं काय तर स्वर, आणि तेही ऐकू येणारे, कागदावरचे नाही. स्ट्रेंग्थ या शब्दात इंग्रजी अक्षरं आठ, सिलॅबल एक. उलट रिदममध्ये ए ई आय ओ यू पैकी एकही नाही तरी सिलॅबल दोन. हनुवटीखाली हात आडवा धरून शब्द सावकाश म्हण, जितक्या वेळा जबडा खाली येऊन हाताला लागेल साधारण तितके सिलॅबल. हॉस्टेलवर करू नको, हसतील.

आता लिहायची पद्धत ठरवू, कारण इथे कॅपिटल अक्षरं नाहीत. मी ज्या तुकड्यावर जोर आहे त्याच्या आधी ' अशी खूण करतो, डिक्शनरीतही खूण आधीच असते (पुष्कळ जण ती आधीच्या तुकड्याची समजतात आणि सगळंच एक घर मागे सरकतं). तर तुझे पाच शब्द:

इग-झॅ-मि-'ने-शन
ऑ-प-'ट्यू-नि-टी
रि-स्पॉन-स-'बि-ल-टी
रि-'फ्रि-ज-रे-टर
कॅ-रक-ट-'रिस-टिक

रेफ्रिजरेटर बघ कसा मस्त आहे. आपण घरात ज्याला फ्रिज म्हणतो तोच त्यातला जोराचा तुकडा.

रानजाई

हो की, फ्रिज! हे आता जन्मात विसरणार नाही. पण दादा, तुम्ही ऑपॉर्च्युनिटीचं 'ऑ-प' केलंत, पॉर कुठे गेला? आणि रिस्पॉन्सिबिलिटीत सि चा स?

हिंजवडीकर

तिथेच तर सगळी गंमत आहे. इंग्रजीत एका तुकड्यावर जोर येतो म्हणजे तो नुसता मोठ्याने म्हणतात असं नाही, तो लांबतो, आवाज तिथे चढतो, आणि बाकीचे बिचारे आक्रसतात, त्यांचे स्वर बारीक होऊन आपल्या अ सारखे होतात. तो अ म्हणजे फोनेटिक्समधला श्वा, तुमच्या नोट्समध्ये इंग्रजी ई उलटा काढलेला असेल. आपण मराठीत प्रत्येक स्वराला त्याचं पूर्ण माप देतो, कोणाला कमी नाही जास्त नाही, म्हणून तुला सगळी अक्षरं सारखी ऐकू येतात. तुझ्या कानाचा दोष नाही.

कम्फर्टेबल आणि व्हेजिटेबल या दोन्हींत आपण टेबल घालतो, तिथे टेबल नाहीये. 'कम्फ-ट-बल, 'व्हेज-ट-बल. तीन-तीनच तुकडे.

म्हणजे उलट्या बाजूने पण शोधता येतं. डिक्शनरीतला ऑडिओ ऐकताना जोर कुठे आहे ते कळत नसेल तर कुठला स्वर खाल्ला ते ऐक. जे खाल्लं गेलं तिथे जोर नाही हे नक्की, उरलेल्यातून शोधायचं.

भाऊतिरके

मला एक कळत नाही, हे सगळं करायचं कशाला? वीस वर्षं डेव्हलपमेंट म्हणतोय, आमच्या साहेबांना कळतं, बँकेला कळतं, कोणाचं काही अडलं नाही. आता डि-'व्हे-लप म्हणून तोंड वेडंवाकडं करायचं आणि गावात हसं करून घ्यायचं? गोरे आपल्या पुण्याला पूना म्हणत होतेच की दीडशे वर्षं.

हिंजवडीकर

भाऊ, गावात डेव्हलपमेंटच म्हणा, मी पण तेच म्हणतो, आईसमोर डि-'व्हे-लप म्हटलं तर ती विचारेल बरं वाटत नाहीये का. तो आता मराठी शब्द झालाय. पण हिला पेपरात डिक्शनरीचं लागणार, आणि समोर बाहेरचा माणूस असेल तर अडतं हो. मागे एका कॉलवर मी कॅ-'टे-ग-री कॅ-'टे-ग-री करत होतो, पलीकडचा तीनदा सॉरी म्हणाला, शेवटी चॅटवर टाइप केलं तेव्हा ओ 'कॅ-ट-ग-री म्हणून सुटला. उच्चार बरोबर होते सगळे, जोर एक घर चुकला की त्यांच्या कानाला तो शब्दच वेगळा लागतो. ॲक्सेंट मारायचा प्रश्नच नाही.

चिंचगुळ

+१. आणि रानजाई, घोकंपट्टी नको, शब्दाचं शेपूट पकड. आम्हाला बी.एड.ला असंच शिकवलं होतं आणि खरंच ऐंशी टक्के काम त्यात होतं. (ऐंशी हा माझा आकडा, कोणी पुरावा मागू नका.)

शेवटी शन, शियन, इक, इकल, इटी, इअस असलं काही आलं की जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर. शब्द कितीही लांब असू दे. एज्युकेट 'ए-ज्यु-केट, पण शेपूट लागलं की ए-ज्यु-'के-शन. इ-'लेक-ट्रिक, इ-लेक-'ट्रि-सि-टी, इ-लेक-'ट्रि-शन. बघ, शेपूट बदललं की जोर घर बदलतो. तुझ्या यादीतले एक्झामिनेशन, ऑपॉर्च्युनिटी, रिस्पॉन्सिबिलिटी, कॅरेक्टरिस्टिक चारही यातच आले.

ग्राफी, लॉजी, क्रसी, नॉमी ही शेपटं असली तर शेवटून तिसरा. बाय-'ऑ-ल-जी, डि-'मॉ-क्र-सी, इ-'कॉ-न-मी. यातला फोटोवाला संच तर प्रत्येक परीक्षेत असतो, 'फो-ट-ग्राफ, फ-'टॉ-ग्र-फर, फो-ट-'ग्रॅ-फिक. आपण तिन्ही वेळा फोटो फोटोच म्हणतो.

एट, आईझ, फाय वाली क्रियापदं पण शेवटून तिसऱ्यावर, क-'म्यू-नि-केट, आय-'डेन-टि-फाय.

इअर, ई, ईझ ही शेपटं मात्र स्वतःच जोर ओढून घेतात. इंजिनिअरला आपण पुण्यात सगळे 'इं वर जोर देतो, खरा आहे एन-जि-'निअर. तसंच व्हॉ-लन-'टिअर, रे-फ्यु-'जी, जॅ-प-'नीझ.

आणि नेस, लेस, फुल, ली, मेंट ही गरीब शेपटं, लागली तरी सहसा जोर हलत नाही.

भाऊतिरके

इक च्या आधी म्हणता ना ताई, मग पॉलिटिक्स? सगळे 'पॉ-लि-टिक्स म्हणतात, टीव्हीवरचे गोरे पण. प-'लि-टिक्स मी तरी ऐकलं नाही.

चिंचगुळ

पकडलंत! हो, काही फुटीर आहेत त्यात. 'पॉ-लि-टिक्स, 'कॅथ-लिक, 'ॲ-र-बिक, 'लू-न-टिक, आणि गणित या अर्थी अ-'रिथ-म-टिक. एवढे लक्षात ठेवले की बरंचसं झालं. पण मजा म्हणजे पॉलिटिक्सला पुढचं शेपूट लावलं की ते पण शिस्तीत येतं, प-'लि-टि-कल, पॉ-ल-'टि-शन. पॉलिटिक्समध्ये जोर एकीकडे आणि पॉलिटिशियनमध्ये दुसरीकडे, आता यावर मी काही बोलत नाही.

लेस्टरची_माई

धागा वाचून राहवलं नाही. मी इथे इंग्लंडात लेस्टरला नर्स आहे, आधी सांगलीत होते. शेपटाचं म्हणणं शंभर टक्के खरं, कारण आमच्याकडे तर सगळे शब्दच शेपटाचे. आयटिस आलं की जोर आय वर, अ-पेन-डि-'साय-टिस, ब्राँ-'काय-टिस. ओसिस आलं की ओ वर, ट्यु-बर-क्यु-'लो-सिस, डाय-ग-'नो-सिस. एक्टमी आलं की एक् वर, ॲ-पेन-'डेक-ट-मी. आणि आपली साखर, डाय-अ-'बी-टीझ, आपण तिचा जोर पहिल्या डाय वर ठेवतो.

मी आले त्या पहिल्या महिन्यात हँडओव्हर देताना अ-'नॅल-जे-सिक म्हणाले, समोरची सिस्टर नुसती बघत राहिली. ॲ-नल-'जी-झिक म्हणायचं होतं. वेदनाशामक हो साधं! आणि थर्मामीटर तर मला अजून जिभेवर बसत नाही, थ-'मॉ-मि-टर. त्यात पण एक क्लृप्ती आहे, मोजायचं यंत्र असेल तर जोर मॉ, रॉ, डॉ असा मधे येतो, थ-'मॉ-मि-टर, ब-'रॉ-मि-टर, स्पी-'डॉ-मि-टर. माप असेल तर पहिल्या तुकड्यावर, 'सेन-टि-मी-टर, 'मि-लि-मी-टर. फक्त किलोमीटर दोन्ही बाजूंनी चालतं, इथले लोकच त्यावरून भांडतात.

अण्णा_मास्तर

मी संस्कृत-मराठी शिकवून निवृत्त झालो, इंग्रजी माझा प्रांत नव्हे, पण इथे सगळे शेपटाबद्दल बोलताय आणि ज्या शब्दांना शेपूट नाही त्यांचं काय हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

बाळ, शाळेत वृत्तं शिकली असशील, यमाताराजभानसलगा आठवतं का? लघु कोणता आणि गुरू कोणता? दीर्घ स्वर असेल तर गुरू, आणि स्वर ऱ्हस्व असला तरी पुढे जोडाक्षर असेल तर तोही गुरू. आता हीच पट्टी इंग्रजीच्या लांब शब्दांना लावून बघ. इंग्रजीतले बहुतेक लांब शब्द लॅटिनमधून किंवा लॅटिनच्या वाटेने आलेले, आणि लॅटिनचा नियम असा की शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर, ते लघु असेल तर आघात आणखी एक घर मागे. लॅटिनवाल्यांची गुरूची व्याख्या जवळजवळ आपलीच आहे, दीर्घ स्वर नाहीतर पुढे व्यंजनांची जोडी.

अजेंडा घे. शेवटून दुसरं जे, पुढे न् आणि ड जोडून, म्हणून गुरू, आघात तिथेच, अ-'जेन-डा. सिनेमा घे. आपण ने लांबवतो पण इंग्रजीत तो अगदी आखूड, लघु, म्हणून आघात मागे सरकतो, 'सि-न-मा. नकाशावर जाऊ. 'कॅ-न-डा, मधला न लघु, आघात मागे. अ-'लॅस-का, जोडाक्षर, गुरू. ॲ-रि-'झो-ना, दीर्घ, गुरू. अ-'मे-रि-का, रि लघु, आघात मागे. यातली बहुतेक नावं लॅटिन नाहीत, पण इंग्रज जिभेला सवय तीच लागलेली दिसते. ब-'ना-ना, प-'टे-टो, व्ह-'रॅन-डा, सगळे गुरूवर.

फरक एवढाच लक्षात ठेव की आपल्याकडे लघु-गुरू म्हणजे वेळ, एक मात्रा की दोन. आघात म्हणजे जोर. दोन गोष्टी वेगळ्या. पण एक कुठे असेल ते दुसऱ्यावरून कळतं.

हिंजवडीकर

अण्णा, कमाल केलीत. आयटीत बारा वर्षं घालवली, कॅनडा आणि अलास्का असे शेजारी ठेवून कोणी दाखवले नव्हते.

भाऊतिरके

अण्णा नमस्कार करतो, पण मग कॅलेंडर? ले च्या पुढे न् ड जोडाक्षर आहे, गुरू झाला, तुमच्या नियमाने क-'लें-डर व्हायला पाहिजे, आणि आम्ही तसंच म्हणतो. पण डिक्शनरी 'कॅ-लन-डर म्हणते, आत्ताच बघितलं. (हो, बघितलं. हसू नका.)

अण्णा_मास्तर

अगदी नेमकं बोट ठेवलंत भाऊ. कॅलेंडर आणि कॅरेक्टर, दोन्ही नियमाला न जुमानणारे. 'कॅ-लन-डर, 'कॅ-रक-टर. पण यात मला दिसतं ते असं की तुम्ही ले वर आणि रे वर जोर देता ते उगाच नाही, आपल्या कानाला गुरू जड लागतोच, जीभ आपोआप तिथे रेलते. म्हणजे तुम्ही नियमाने बोलता आणि इंग्रज नियम मोडतो. परीक्षेत मात्र इंग्रजाचं ऐकावं लागेल.

भाऊतिरके

हे वाक्य फ्रेम करून लावतो.

चिंचगुळ

रानजाई, अजून दोन गोष्टी. एक, तोच शब्द नाम असला की जोर पहिल्या तुकड्यावर आणि क्रियापद असला की दुसऱ्या तुकड्यावर असं काही जोड्यांत होतं, 'रे-कॉर्ड आणि रि-'कॉर्ड, 'प्रे-झन्ट आणि प्रि-'झेन्ट. पेपरात वाक्य दिलं असेल तर आधी ते बघ.

दुसरं, तुकडे कुठे कापले म्हणून फार घाबरू नको, एखादं व्यंजन अलीकडे की पलीकडे यावर डिक्शनऱ्यांमध्येच एकमत नसतं. संख्या आणि जोर बरोबर पाहिजे. आणि मेरियम-वेबस्टरमध्ये मूळ शब्दात जे ठिपके दिसतात ते सिलॅबलचे नाहीत बरं का, छापताना ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा त्याच्या जागा आहेत. म्हणून अबाऊट तिथे अख्खा दिसतो, कारण ओळीच्या शेवटी एकटं अक्षर सोडत नाहीत, पण सिलॅबल दोनच, अ-'बाऊट. माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे यात फसतात. त्यापेक्षा केंब्रिजची ऑनलाइन बघ, उच्चाराच्या ओळीतच ठिपके देतात.

हिंजवडीकर

आणि एखादा शब्द ब्रिटिश वेगळा अमेरिकन वेगळा असतो. लॅबोरेटरी ब्रिटिशांकडे ल-'बॉ-र-ट्री आणि अमेरिकेत 'लॅ-ब्र-टो-री. ॲडव्हर्टाइझमेंट ब्रिटिश अड-'व्हर-टिस-मन्ट, अमेरिकन ॲड-व्हर-'टाईझ-मन्ट. आपल्या कॉलेजांत बहुतेक ब्रिटिशच चालतं, पण सरांना विचारून घे.

जाता जाता आमच्या धंद्यातला एक. इंटरनॅशनलायझेशन इतका लांब की आम्ही आय-एटीन-एन लिहितो, पहिलं आणि शेवटचं अक्षर ठेवून मधल्या अठरांचा फक्त आकडा. सिलॅबल आठ, इन-ट-नॅ-श-न-लाय-'झे-शन. एवढी आगगाडी, पण शेवटी शन आहे, म्हणजे बघायचं फक्त त्याच्या आधीचं घर. डबे मोजायची पण गरज नाही जोरासाठी.

आता तू थोडे करून दाखव. डेमोक्रॅटिक, व्हेजिटेरियन, युनिव्हर्सिटी, प्रनन्सिएशन, एम्प्लॉयी, कमिटी, पोटॅशियम. डिक्शनरी न बघता.

रानजाई

रात्री मेसवरून आल्यावर केले. हनुवटीखाली हात धरून. रूममेट म्हणाली दाढ दुखते का.

डे-म-'क्रॅ-टिक (इक)
व्हे-ज-'टे-रि-अन (अन च्या आधी रि आहे, पण रि-अन मिळून शेपूट धरलं, बरोबर का?)
यु-नि-'व्हर-सि-टी
प्र-नन-सि-'ए-शन (आम्ही सगळे प्रोनाउन्सिएशन म्हणतो, त्यात नाऊन नाहीच हे आज कळलं, तेही फोनेटिक्सच्या वर्गात दोन वर्षं बसून)
एम-प्लॉय-'ई
क-मि-'टी (ई चं शेपूट)
प-'टॅ-सि-अम

चिंचगुळ

शाब्बास, सहा बरोबर. कमिटी चुकली, ती फुटीर आहे, क-'मि-टी. कॉफी पण तशीच, 'कॉ-फी. ई ऐकू आला म्हणून लगेच शेपूट समजायचं नाही. एम्प्लॉयी, रेफ्युजी म्हणजे 'ज्याला काही केलं किंवा ज्याचं काही झालं तो माणूस', तिथे जोर ई वर. कमिटी माणूस नाही. रि-अन चं बरोबर धरलंस.

अण्णा_मास्तर

कमिटी माणूस नाही हे आमच्या सोसायटीत पण सांगा कोणीतरी.

लेस्टरची_माई

😂😂 रानजाई, पोटॅशियम इथे प-'टॅ-सि-अम, अगदी बरोबर. ऑल द बेस्ट गं. पेपर झाला की कळव काय आलं ते.

रानजाई

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, अण्णा आजोबा तुम्हाला विशेष, यमाताराजभानसलगा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, मैत्रीण विचारतेय इंग्लिशच्या वहीत हे काय. बुधवारी कळवते. आणि आमच्याकडे पेपर कसे तपासतात ते बघता पुढचा शब्द आधीच काढून ठेवलाय, रिव्हॅल्युएशन, री-व्हॅ-ल्यु-'ए-शन. पाच.